पडलेलं उचलायचं

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागवल्याचा निरोप मिळाला, तेव्हा कशावर लिहू असा प्रश्नच मला पडला नाही. पहिली-दुसरीतला कार्यानुभवाचा तास, आणि तोही फाल्गुन-चैत्रातला. बाकीच्या आठवणी माझ्या बरोबरीचे लिहितीलच.

त्या तासाला दुकानातून काही आणल्याचं मला आठवत नाही. बाईंचा नियम एकच होता : पडलेलं उचलायचं, लागलेलं तोडायचं नाही. आणि त्या दिवसांत आपल्या चोपडा तालुक्यात काय पडलेलं नसतं? दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निघालेली, शेतात तिचे धांडे, म्हणजे ताटं, पडलेले. बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग. चिंचेखाली चिंचोके, पिंपळाखाली पानांचा खच, केळीच्या बागेत घड उतरवून आडवे केलेले खांब. डिंकसुद्धा बाभळीचाच असायचा. रात्री वाटीत भिजत घातला की सकाळी कागद चिकटवायला तयार.

यातला राजा पळस. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पावरा आदिवासी मुलं होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात पिशव्या भरून फुलं आणायची. झाड कुठं आहे, फुलं कधी गळतात, मध कुठल्या फुलात असतो, हे सगळं त्यांना ठाऊक. एरवी मागच्या रांगेत गप्प बसणारी ती मुलं त्या आठवड्यात आमची गुरुजी व्हायची, आणि बाई त्यांना तसं होऊ द्यायच्या. याचं मोल मला मोठेपणी कळलं. निम्मी फुलं सावलीत वाळवून ठेवायची, निम्मी पातेल्यात उकळायची. पाणी आधी पिवळं होतं, मग केशरी. त्यात चिमूटभर चुना बाईच टाकायच्या, आमचा हात चुन्याला लागू देत नसत. रंग डोळ्यांदेखत गडद व्हायचा आणि वर्गात एकच गलका उठायचा. तुरटीच्या पाण्यातून काढलेला रुमाल त्या रंगात बुडवला की रंग धरतो, नुसता बुडवला तर धुण्यात बराचसा निघून जातो. दोन्ही रुमाल शेजारी-शेजारी वाळत घालून बाईंनी ते आम्हाला दाखवलं. मी केशरी हातांनी घरी गेले तर आजीनं विचारलं, "हाऊ रंग कसाना शे वं?" मी म्हटलं, "पयसना." तिनं माझे हात धरून नाकाशी नेले आणि हसली.

धांड्यांचं काम जास्त नाजूक. धांड्याची वरची साल पात्यासारखी धारदार असते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं. आतला मऊ, पांढरा गाभा आमच्या वाट्याला यायचा. त्यातून बैलगाडी करायची : गाभ्याची चाकं, सालीच्या चोयट्यांचे, म्हणजे पातळ पट्ट्यांचे, आस, त्यावर साटा, पुढं जू. जुवाच्या खुंट्या, शिवळासुद्धा असायच्या. चाक लहान-मोठं झालं की गाडी एका अंगाला कलायची. ती का कलते हे बाई सांगत नसत, दोन्ही चाकं काढून एकावर एक ठेवायला लावत. मोजमाप म्हणजे काय, ते मी तिथं शिकले. पट्टी हातात फार नंतर आली. चोयटी वाकवताना मोडायला लागली तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, थोड्या वेळानं ती वळते.

मातीकामाला शेतातलीच काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. चैत्रात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच, आणि नुसत्या काळ्या मातीची चूल-बोळकी वाळताना तडकतात तीही त्यामुळेच. चाळलेली राख आणि बारीक भुसा मिसळला की तडे कमी. पिंपळाचं पान काही आठवडे पाण्यात कुजवून मऊ ब्रशनं गर काढला की उरते ती जाळी. माझ्या पोथीत अजून एक आहे.

नियमाला सूट फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तोवर पळसाला नवी पानं आलेली असतात. एका फांदीचं एकच पान घ्यायचं, चोयटीनं टोचून द्रोण करायचा आणि आखाजीच्या सांजोऱ्या त्यात घालून शेजारी नेऊन द्यायच्या.

बाई हे असं का करायच्या? एकदा त्यांनी फैजपूरची गोष्ट सांगितली होती. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, ते आपल्या फैजपूरला. अध्यक्ष होते पंडित नेहरू. सजावटीचं काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांकडे दिलं आणि खेड्यात मिळेल त्याच सामानातून ते व्हावं, असा आग्रह धरला. बोसांनी बांबू आणि गावातल्या अशाच साध्या वस्तूंतून ते उभं केलं. "एवढ्या मोठ्या चित्रकाराला आपल्या इथलं सामान पुरलं, मग आपल्याला का पुरू नये?" असं बाई म्हणाल्या होत्या. तो प्रश्न माझ्यासोबत राहिला.

मी आता अंगणवाडीत आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं. हल्ली पालक हौसेनं तयार साहित्य आणतात : चमकी, थर्माकोलचे गोळे, प्लास्टिकची फुलं. त्यांची माया खरी आहे, पण मला ते पटत नाही आणि मी तसं स्पष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी ते उकिरड्यावर जातं आणि तिथंच राहतं. शिवाय मुलाच्या हाताला त्यात करायला काही उरतच नाही. आमच्याकडं केळीच्या सोपटाची वेणी घालतात, पानाला गेरू लावून भिंतीवर ठसे उमटवतात, हळदीच्या कागदावर साबणाचं बोट फिरवून लाल रेघ उमटलेली पाहतात. चैत्रात उथळ परळात पाणी ठेवतो, मधमाशीला बसता यावं म्हणून त्यात दगड टाकतो, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी घासून बदलतो, नाहीतर डास होतात. चिंचोके फक्त मोठ्या मुलांना, धाकटी तोंडात घालतात. रुईच्या म्हाताऱ्या उडवायला सगळ्यांनाच आवडतं, पण फांदी मोडू द्यायची नाही, तिचा चीक डोळ्यांना वाईट.

शाळेच्या सध्याच्या शिक्षकांशी मी बोलले आहे. यंदा होळीच्या आधीच्या आठवड्यात पहिली-दुसरीच्या मुलांसोबत हे सगळं करायला मी येणार आहे. माझ्या वर्गसोबत्यांना एक विनंती. ज्यांनी दादर पेरली असेल त्यांनी कडब्यातून एक पेंढी बाजूला काढून ठेवावी, धांडे लांब आणि न चेंगरलेले बघून. पाड्यावरच्या सोबत्यांनी पळस आणावा आणि फुलं स्वतः मुलांना दाखवायला थांबावं. डिंक मी आणते.