आमची वाटचाल : आधी जखमा, मग हाडं, मग नाक

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरपासून पार विजापूरपर्यंतचे पेशंट मिरज स्टेशनवर उतरतात. अशा गावातसुद्धा फक्त चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचं केंद्र कसं चालेल, असं सुरुवातीला सगळेच विचारायचे. आमचं म्हणणं होतं की नाक सुंदर करून देण्यावर ते उभं राहणार नाही, पण फाटलेला ओठ नीट शिवण्यावर नक्की उभं राहील. तसंच झालं.

आम्ही तिघं भागीदार: प्लास्टिक सर्जन, कान-नाक-घसा सर्जन आणि भूलतज्ज्ञ. ही जोडणी मुद्दाम केलेली आहे. चेहऱ्याचा सर्जन होण्याचे आपल्याकडे मुख्य रस्ते तीन. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, मग जनरल सर्जरीत एमएस तीन वर्षं आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच आणखी तीन. प्रवेशपरीक्षांची तयारी आणि बंधपत्राची सेवा बाजूला ठेवली तरी साडेअकरा वर्षं झाली. दुसरा रस्ता कान-नाक-घशातल्या एमएसनंतर चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीची फेलोशिप. तिसरा बीडीएस आणि मग तोंड-जबडा शस्त्रक्रियेत एमडीएस. पहिल्या रस्त्यानं आलेल्याला कातडी, फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट सरकवलेला कातडीचा तुकडा) आणि भाजलेले पेशंट यांचा हात असतो. दुसऱ्याला नाकाच्या आतला पडदा आणि श्वास कळतो. तिसऱ्याला दातांची चावण, म्हणजे वरखालचे दात कसे जुळतात ते. एका माणसात हे तिन्ही क्वचित सापडतं, म्हणून जबड्याच्या कामाला आम्ही आजही तिसऱ्या रस्त्यानं आलेल्या मॅक्सिलोफेशियल सर्जनला बोलावतो आणि त्यात कमीपणा मानत नाही.

पहिल्या काळात स्वतःचं ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, नव्हतं. दोन नर्सिंग होममध्ये तासावर ओटी घ्यायचो. तेव्हा विकत घेतलेल्या वस्तू मोजक्याच: अडीचपट मोठं दाखवणारा लूप (डोळ्यावरचं भिंग), रक्त थांबवायचं बायपोलर, सुई धरायचा बारीक नीडल होल्डर, दातेरी बारीक चिमटे आणि एक चांगला कॅमेरा. लेझर मशीन घ्या असा सल्ला भरपूर मिळाला. त्याआधी कॅमेरा घेतला हे बरं झालं, कारण समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरके आणि खालून असे सहा फोटो, त्याच अंतरावरून आणि त्याच प्रकाशात घेतलेले नसतील, तर वर्षानंतर काय सुधारलं हे पेशंटलाही सांगता येत नाही आणि स्वतःलाही कळत नाही.

ऊस हंगामात ट्रॉलीवर आदळलेले दुचाकीस्वार, बैलाचं शिंग लागलेले शेतकरी आणि कुत्रं चावलेली लहान मुलं, हे आमचं पहिलं काम. आजही शिकायला येणाऱ्या डॉक्टरला इथूनच सुरुवात करायला लावतो. फाटलेल्या ओठाचं उदाहरण घ्या. लाल भाग आणि कातडी यांच्या सीमारेषेवर भुलीचं इंजेक्शन देण्याआधी पेनानं खूण करायची. औषध गेलं की ओठ फुगतो आणि ती रेषा हरवते. पहिला टाका बरोबर त्या रेषेवर. एक मिलिमीटरची पायरी राहिली तरी समोरच्या माणसाला ती बोलताना दिसते. मग आतल्या स्नायूला विरघळणाऱ्या धाग्याचे टाके, कारण तो स्नायू जोडला नाही तर हसताना तिथं खळगा पडतो. कातडीला ६-० नायलॉन, म्हणजे अगदी बारीक धागा, आणि टाके पाचव्या दिवशी काढायचे. आठ-दहा दिवस ठेवले तर टाक्यांचेच आडवे व्रण राहतात. भुवई फाटली असेल तर ती कधीही भादरायची नाही, दोन्ही कडा जुळवायला तेवढीच खूण हाताशी असते.

रस्त्यावर घासलेल्या चेहऱ्यातली खडी आणि डांबर पहिल्या दिवशीच भूल देऊन मऊ ब्रशनं घासून काढावं लागतं. एकदा कातडी वरून भरून आली की आतला काळा रंग गोंदणासारखा कायमचा बसतो. कुत्र्याच्या चाव्यात साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुणं, जखमेत रेबीजविरोधी सिरम भरणं आणि मगच सैल टाके, हा क्रम बदलायचा नाही.

भुलीचा हिशोब नवख्यांकडून हमखास चुकतो. जागा बधिर करणारं दोन टक्के लिग्नोकेन (मिलीला वीस मिलिग्रॅम) अॅड्रेनलिनसह असेल तर वजनाच्या किलोला सात मिलिग्रॅम ही मर्यादा. साठ किलोच्या माणसाला २१ मिली चालतं, पण पंधरा किलोच्या पोराला जेमतेम पाच. मोठी जखम असेल तर औषध पातळ करायचं किंवा डोळ्याखालच्या नसेला ब्लॉक द्यायचा, म्हणजे ती नसच बधिर करायची. एक-दोन मिलीत अर्धा वरचा ओठ बधिर होतो आणि फुगतही नाही.

जखमांच्या मागोमाग हाडं आली. नाकाचं हाड मोडलेला पेशंट सूज बघून घरी जातो आणि महिन्यानं वाकडं नाक घेऊन येतो. मोठ्या माणसात सात ते दहा दिवसांत ते जागेवर बसवता येतं, मुलांत त्याहून लवकर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दिवशी नाकाच्या आत बॅटरी मारून पडदा बघणं. पडद्याच्या कूर्चेला (लवचिक मऊ हाडाला) स्वतःची रक्तवाहिनी नसते, ती वरच्या आवरणावर जगते. मध्ये रक्त साठलं की तीन-चार दिवसांत कूर्चा मरते आणि नाकाचा कणा खाली बसतो. दोन मिनिटांत रक्त काढून देण्याचं काम राहिलं, तर पुढे बरगडीची कूर्चा काढून नाक उभं करावं लागतं. तालुक्याच्या डॉक्टरांना आम्ही हे एवढं एकच सतत सांगत आलो.

स्वतःचं ओटी उभं राहिल्यावर नाकाची सौंदर्य शस्त्रक्रिया नियमित सुरू केली. बाहेरून हे सोपं दिसतं. दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर सर्वांत अरुंद जागी उलट्या व्हीच्या आकाराचा छेद, कातडी उचलून कूर्चा उघडी करणं, पडद्यातून लागेल तेवढी कूर्चा घेणं. घेताना वरची आणि पुढची किमान एक सेंटिमीटरची एलच्या आकाराची पट्टी शाबूत ठेवलीच पाहिजे, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत नाक खचतं. उंचवटा जास्त तासला की मधला भाग आत ओढला जातो आणि श्वास अडतो, म्हणून तिथं कूर्चेच्या दोन पट्ट्या आधाराला बसवतो. आपल्याकडची नाकाची कातडी बऱ्याचदा जाड असते. शेंडा बारीक हवा म्हणून आतली कूर्चा कापत गेलं तर वरची कातडी आक्रसत नाही, शेंड्यावर गोळा राहतो. अशा नाकात कापण्यापेक्षा आधार वाढवणं उपयोगी पडतं. बरगडीची कूर्चा गाभ्यातून कोरायची आणि वीस-तीस मिनिटं सलाइनमध्ये ठेवून वाकते का बघायचं, मगच बसवायची. आठवड्यानं नाकावरचा आधाराचा स्प्लिंट निघतो, पण शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं. वर्षाच्या आत दुसरी शस्त्रक्रिया आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

नकार हा या व्यवसायाचा मोठा भाग आहे. मुलगी पंधरा-सोळा आणि मुलगा सतरा-अठराच्या आत असेल तर थांबायला सांगतो. लग्न महिन्यावर आलंय म्हणून आलेल्यांनाही. ज्याला आरशात दोष दिसतो आणि आम्हाला मोजूनही सापडत नाही, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. तंबाखू, मिशरी, गुटखा चार आठवडे बंद झाल्याशिवाय फ्लॅपची शस्त्रक्रिया ठरवत नाही. निकोटिन कुठूनही गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि फ्लॅपचं टोक काळं पडतं. गुटख्यानं तोंड उघडत नसेल तर भूलतज्ज्ञाचं काम आणखी अवघड होतं. मिशरी लावणाऱ्या बायका 'तंबाखू खात नाही' असंच सांगतात, त्यामुळे प्रश्न नाव घेऊन विचारावा लागतो.

कर्करोगानं किंवा अपघातानं गेलेलं नाक कपाळाच्या कातडीनं पुन्हा घडवणं, हे आमच्या मनाला सर्वांत जवळचं काम. त्याचा धागा याच मातीतला आहे. सुश्रुतानं नाक घडवण्याची रीत लिहून ठेवली. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका विटा भाजणाऱ्या समाजातल्या कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचून इंग्रज सर्जन कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तिथं तशी शस्त्रक्रिया केली. आपल्या राज्यात डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. आज आम्ही भुवईच्या आतल्या टोकाशी असलेल्या रक्तवाहिनीवर दीड सेंटिमीटर रुंद देठ ठेवतो आणि तीन आठवड्यांनी तो कापतो. मधल्या तीन आठवड्यांत पेशंट घराबाहेर पडत नाही, म्हणून कुटुंबाला आधीच फोटो दाखवून तयार करतो.

पैशांचं आधी लेखी देतो. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीला जीएसटी नाही, निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला लागतो आणि विमाही मिळत नाही. पडदा सरळ करणं आणि नाकाला आकार देणं एकाच वेळी झालं तर दोन्हींचा खर्च वेगळा दाखवतो. विम्यासाठी सगळंच 'पडदा' म्हणून लिहून द्या, ही मागणी अजून येते आणि ती आम्ही मान्य करत नाही.

अलीकडे चेहऱ्याच्या लकव्याची ओपीडी सुरू केली आहे. यात सर्जनचं काम सर्वांत शेवटी येतं. तोंड अचानक वाकडं झालं की पक्षाघात नाही ना, हे आधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा, ठरली तर स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात, त्यामुळे तेलमालिश आणि मंतरलेल्या दोऱ्यात दिवस घालवू नयेत. डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी बंद करून चिकटपट्टी. बुबुळ कोरडं पडलं तर त्यावर फूल पडतं, आणि चेहरा सरळ झाला तरी ती नजर परत येत नाही.