पुळणीतली वाटी

आमच्या घरी मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. बायकोचं मंगळसूत्र ऑगस्टमधल्या एका शनिवारी न्यू जर्सीत, बेल्मारच्या बाजूच्या किनाऱ्यावर, कमरेएवढ्या पाण्यात वाढलं. मोठी लाट आली, ती कोलमडली, उठली तेव्हा गळा मोकळा होता. तळहाताला चार काळे मणी चिकटले होते. बाकीचं सगळं अटलांटिकमध्ये.

आई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेली. छत्रीखाली बसल्या बसल्या ती म्हणाली, "समुद्र कुणाचं ठेवून घेत नाही. आणून टाकतो परत." आमचं गाव गुहागरजवळ, तिथे हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण समुद्र परत देतो ते नारळ आणि चपला. बावीस कॅरेटचं सोनं वाळूपेक्षा साडेसहा पट जड असतं. लाटेने वाळू हलली की ते खाली जातं, आणखी हलली की आणखी खाली, थेट टणक थर लागेपर्यंत.

त्या गोंधळात मी एकच शहाणपण केलं. गावच्या होड्यांवर पाहिलेली युक्ती वापरली: किनाऱ्यावरच्या खुणा एका रेषेत धरून पाण्यातली जागा लक्षात ठेवायची. लाइफगार्डची उंच खुर्ची आणि तिच्या मागे बोर्डवॉकवरचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावरचा, दिव्याचा खांब एका रेषेत दिसत होते, आणि डाव्या हाताला दगडी जेटीचं टोक. तिथेच उभं राहून बायकोला ओरडून सांगितलं, फोटो काढ. त्या दोन फोटोंवर पुढचे अडीच महिने गेले.

ऑफिसातल्या एकाकडे मेटल डिटेक्टर होता. मागून आणला आणि रविवारी पहाटे किनाऱ्यावर हजर. सुक्या वाळूत यंत्र अगदी गुणी बाळ. बाटल्यांचे बिल्ले, दोन क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, एक किल्ली. ओल्या पुळणीवर पाय ठेवला आणि ते जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. मला वाटलं, आपल्या हातून बिघडलं. बिघडलं काही नव्हतं. ते यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, बागेत नि शेतात वापरायचं. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने अख्खा किनाराच धातूचा. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर गप्प झालं, पण मग माझ्या पायातल्या बुटाची लोखंडी कडीही त्याला दिसेना.

खाऱ्या पाण्यासाठी दोनच जाती कामाच्या. एक पल्स इंडक्शन: मिठाला भीक घालत नाही, खोलवर पोचतं, पण खिळा आणि सोनं यांत त्याला फारसा फरक कळत नाही. दुसरी, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरून मिठाचा आवाज वजा करणारी. मी दुसऱ्या जातीचं मिनेलॅब इक्विनॉक्स ८०० वापरलेलं विकत घेतलं. तीन मीटर पाण्यापर्यंत चालतं, आणि त्यात लाटांसाठी बीच टू नावाचा वेगळा मोड आहे. किंमत बायकोला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात एक वाटी नवी आली असती." हिशेब बरोबर होता.

आता प्रश्न असा की मंगळसूत्र यंत्राला दिसतं कसं? घरात दुसरं मंगळसूत्र एकच, आईच्या गळ्यातलं. ती ते काढणार नाही हे विचारण्याआधीच माहीत होतं. तरी विचारलं आणि बोलणी खाल्ली. शेवटी मागच्या अंगणात यंत्र प्लास्टिकच्या खुर्चीवर उताणं ठेवलं आणि आई कमरेत वाकून मंगळसूत्र यंत्राच्या टोकाच्या तबकडीवरून, म्हणजे कॉइलवरून, इकडून तिकडे हलवत राहिली. शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडे गवत कापत होते, त्यांनी मशीन बंद करून बघितलं.

त्या पाच मिनिटांत जे कळलं त्यावर सगळा शोध उभा राहिला. काळ्या मण्यांची सर आणि मधली बारीक साखळी यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, आणि यंत्र ऐकतं ते त्यांनाच. अंगठीत प्रवाहाला फिरायला अख्खं रिंगण मिळतं, म्हणून ती ठणठणीत वाजते. साखळीची कडी न् कडी सुटी, प्रत्येकीत फिरायला जागा नाही. वाट्या मात्र वाजल्या. पडद्यावर धातूचा अंदाज देणारा आकडा सात ते नऊ, आवाज बारीक पण गोल, दोन्ही बाजूंनी सारखा. थोडक्यात, मंगळसूत्र शोधायचंच नव्हतं. वाट्या शोधायच्या होत्या.

आणि सात ते नऊ हा आकडा म्हणजे किनाऱ्यावरचा उकिरडा. ॲल्युमिनियमच्या फॉइलचे तुकडे, कॅनच्या झाकणाच्या तुटक्या जिभा, सगळे तिथेच किंवा आसपास. शेतात असल्या आकड्यांवर यंत्र गप्प करून ठेवता येतं. समुद्रावर सोनं हवं असेल तर जीभ न् जीभ उकरावी लागते.

परवानगीचं लवकर उरकलं. इथे प्रत्येक गावाचा नियम वेगळा. फोन करून विचारलं: पोहणारी माणसं नसताना चालेल, वाळूच्या टेकड्यांवर पाय ठेवायचा नाही, खड्डे बुजवायचे. उत्तरेला सँडी हुकला मात्र यंत्र नेऊच नका. तो भाग नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि तिथे डिटेक्टर नुसता जवळ बाळगणंही गुन्हा.

सप्टेंबरपासून आठवड्याला दोन फेऱ्या. भरती-ओहोटीचं कोष्टक फ्रिजवर लागलं. रोज ओहोटी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे शाळा-ऑफिसच्या वेळापत्रकाशी तिचं क्वचितच जमायचं. आई कोष्टकाकडे न बघता तिथी सांगायची: आज भांगाचं पाणी, जाऊ नकोस, ओहोटी फार आत जाणार नाही, अमावास्येला जा. एकदाही चुकली नाही.

पाण्यात यंत्र फिरवणं हे वेगळंच काम आहे. कॉइल अर्धी पाण्यात, अर्धी हवेत आली की खोटा आवाज येतो. लाटेच्या दिशेने आत-बाहेर फिरवली तरी तेच, कारण दर फुटाला वाळूचा ओलावा बदलतो. तिथे नेहमी येणाऱ्या एका सत्तरीतल्या गृहस्थांनी मला सुधारलं. किनाऱ्याला समांतर फिरव, तळाला टेकवून, आणि माझ्यापेक्षा हळू. "माझ्यापेक्षा" म्हणताना ते जवळपास थांबलेलेच होते. आवाज आला की स्टीलचा लांब दांड्याचा, जाळीदार स्कूप जागेच्या जरा मागे रोवायचा, पायाने दाबायचा, उचलायचा आणि लाटेतच हलवून वाळू गाळायची. खड्डा पुन्हा तपासायचा. तोवर लाट खड्डा भरून टाकते, आपणही जागेवरून दोन हात सरकलेलो असतो, आणि गुडघ्याला पाण्याची ओढ लागलेली असते.

जेटीच्या कडेने ही ओढ फार वाईट. किनाऱ्याला लागलेलं पाणी दगडांच्या बाजूने परत आत वाहतं. मी एकदा जीभ उकरण्याच्या नादात तिथे गेलो, पायाखालची वाळू निघाली आणि मी स्कूपसकट आडवा. यंत्र मनगटाला बांधलेलं म्हणून वाचलं. त्यानंतर एकटा कधी पाण्यात उतरलो नाही. मुलगी पुळणीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची आणि मी कमरेच्या वर गेलो की शिट्टी मारायची.

ऑक्टोबर अर्धा झाला तरी हाती काय? जिभा, बिल्ले, मिठाने कुरतडलेले जस्ताचे पेनी, काळी पडलेली चांदीची एक अंगठी. त्याच गृहस्थांनी माझी पिशवी उलटी करून बघितली आणि विचारलं, शिशाची वजनं कुठे आहेत? गळाला लावतात ती. एकही नव्हतं. मग ते म्हणाले, तू वरच्या हलक्या वाळूत खेळतोयस. समुद्र वजनाप्रमाणे वर्गवारी करतो; जिथे शिसं तिथे सोनं. उन्हाळ्यात लाटा वाळू आणून घालतात, हिवाळी वादळं ती काढून नेतात. वादळाची वाट बघ. आणि वाळू भरणाऱ्यांच्या आधी पोच, हेही म्हणाले. या पट्ट्यात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे लष्कराचे अभियंते, पंपाने समुद्रातली वाळू आणून किनारे रुंद करतात, सँडी वादळानंतर २०१३-१४ मध्ये तर भरपूर केलं. ती एकदा पडली की खालचं सोनं कॉइलच्या टप्प्याबाहेर.

कोजागरीच्या तीन दिवस आधी नॉरईस्टर, म्हणजे इथलं ईशान्येच्या वाऱ्याचं वादळ, आलं. दोन दिवस घोंघावलं. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या ओहोटीला, आम्ही पोचलो तर किनारा ओळखू येईना. मांडीएवढा उभा कडा कापला गेला होता, त्याच्या पायाशी काळ्या जड वाळूचा पट्टा. खुर्ची कधीच उचलून नेलेली. फोटो, खांब आणि जेटी धरून रेषा लावली. जिथे ऑगस्टमध्ये कमरेएवढं पाणी होतं तिथे उधाणाच्या ओहोटीने घोट्याएवढं उरलं होतं. पहिल्याच स्कूपमध्ये शिशाचं वजन. मग दुसरं, तिसरं. हिरवे पडलेले क्वार्टर. मग एक कॉलेजची अंगठी, आत ४१७ चा शिक्का, म्हणजे दहा कॅरेट. वर्ष आणि आद्याक्षरांवरून नंतर मालक सापडला.

साडेतीनला पाणी परत चढायला लागलं. आठचा आकडा, गोल आवाज. मी जिभेच्या तयारीनेच स्कूप हलवला. जाळीच्या तळाला काळ्या वाळूने गच्च भरलेली एक वाटी होती. तांबं-जस्तासारखा गंज नाही, चांदीसारखा काळेपणा नाही; तसंच पिवळं. मुलगी शिट्टी मारत होती, लाटा कमरेला लागत होत्या, पण शिट्टी मला ऐकूच आली नाही.

दुसरी वाटी त्या दिवशी मिळाली नाही, नंतरच्या चार फेऱ्यांतही नाही.

घरी आल्यावर आईने वाटी हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवली आणि वाद सुरू झाला. एक वाटी माहेरची, एक सासरची. सापडली ती कुठली? लग्न २००४ चं. हॉलमार्कची सक्ती आली २०२१ मध्ये, त्यामुळे शिक्का कशावरच नाही. बायको म्हणते, कड जाड आहे, ही चिपळूणच्या आमच्या सोनाराची, म्हणजे माहेरची. आई चष्मा लावून म्हणाली, "आमच्याकडे कधी पातळ सोनं घेतलं का?" आई नोव्हेंबरात गुहागरला परतली, पण फोनवर पहिला प्रश्न अजून तोच असतो, आणि दुसरा: "पुढचं उधाण कधी आहे, पाहिलंस?"