रोडिओतली प्रेमकथा लिहायचीय? आधी एंट्री फी भरा

रोडिओ म्हणजे काउबॉयांच्या उसळत्या जनावरांवर बसण्याच्या आणि घोडदौडीच्या स्पर्धा. त्यावरच्या प्रेमकथेत एक प्रसंग हमखास असतो. नायक बैलावर बसतो, गुणांसाठी लागणारे आठ सेकंद टिकतो, उडी मारून खाली येतो, टोपी हवेत भिरकावतो आणि कठडा ओलांडून धावत आलेल्या नायिकेला रिंगणातच मिठी मारतो. वाचायला झकास. फक्त लेखक एक गोष्ट विसरलेला असतो, ती म्हणजे बैल अजून तिथेच आहे. आठव्या सेकंदाला वाजणारा भोंगा माणसांसाठी असतो, सातशे-आठशे किलोच्या जनावराला त्याचं काही पडलेलं नसतं.

आजच्या काळातली रोडिओची गोष्ट मराठीतून लिहायची असेल तर जरूर लिहा, पण सगळा भार त्या आठ सेकंदांवर टाकू नका. तिथल्या जोडप्यांना बैलापेक्षा वेळापत्रक आणि डिझेलचा खर्च जास्त छळतात, आणि कथेला लागणारं नाट्य त्यातच भरपूर आहे.

पैशाचा हिशेब आधी समजून घ्या. रोडिओपटूला पगार नसतो. बैलस्वारीत 2022 साली संघांची लीग सुरू झाली, ती वगळली तर जवळपास प्रत्येक जण आपल्या खिशातून एंट्री फी भरून उतरतो. जमलेली फी आणि आयोजकांनी वरून घातलेली रक्कम मिळून बक्षीस ठरतं. क्रमांकात आला नाहीत तर फी गेली, इंधन गेलं, वर रात्रीची झोपही गेली. अमेरिकेतली मुख्य संघटना म्हणजे प्रोफेशनल रोडिओ काउबॉइज असोसिएशन, म्हणजेच पीआरसीए. तिथे नवख्याला आधी परमिट मिळतं, तेही वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यावर. परमिटवर खेळून 1000 डॉलर जिंकले की मग पक्क्या कार्डासाठी अर्ज करता येतो. क्रमवारीही कमाईचीच. हंगाम 30 सप्टेंबरला संपतो आणि प्रत्येक प्रकारातले कमाईत पहिले 15 जण डिसेंबरात लास व्हेगासच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला जातात. दहा दिवस, दहा फेऱ्या.

माझ्या मते कथेचा खरा नायक सोळाव्या क्रमांकावरचा माणूस आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काही डॉलरांनी मागे असलेला, दोन राज्यांत एकाच दिवशी नाव नोंदवून बसलेला. लेखक मात्र विजेत्यामागे धावतात.

जूनअखेर ते 4 जुलै या काळाला तिथे 'काउबॉय ख्रिसमस' म्हणतात. पैसा सर्वात जास्त, आणि स्पर्धा एकमेकींवर चढलेल्या. बैलस्वाराचं सामान एका पिशवीत मावतं, त्यामुळे चौघे जण एक गाडी करतात. एक चालवतो, तिघे झोपतात, इंधनाचे चार भाग होतात. हे चौघे एकमेकांचे प्रतिस्पर्धीच असतात, हे लक्षात ठेवा.

आता नायिका बॅरल रेसर, म्हणजे घोड्यावरून पिंपांना वळसे घालत वेळेशी शर्यत लावणारी, आहे असं धरा, बहुतेक कथांत असतेच. तिला असं गाडीत उडी मारून निघता येत नाही. तिच्याकडे घोडा आहे. धाव झाली की त्याला चालवून थंड करायचं, पाय तपासायचे, पाणी पाजायचं, मगच ट्रेलरमध्ये चढवायचं. चालत्या ट्रेलरमध्ये घोडा सतत तोल सावरत उभा असतो, म्हणून तीन-चार तासांनी थांबून त्याला उसंत आणि पाणी द्यावं लागतं. त्यातही परक्या गावच्या पाण्याला वेगळा वास आला तर काही घोडे तोंड लावत नाहीत, आणि पाणी कमी पडलं की पोटशूळाची भीती. जाणती माणसं घरचं पाणी पिंपात भरून नेतात. म्हणजे रात्री अकराला तो निघून जातो आणि ती बादली घेऊन घोड्यापाशी उभी राहते. विरहाचा प्रसंग शोधायला आणखी कुठे जायचं?

एकाच गावात दोघांनी नाव दिलं तरी भेट होईलच असं नाही. मोठी स्पर्धा अनेक दिवस चालते आणि कोण कोणत्या दिवशी उतरणार ते सोडतीवर ठरतं. तो शुक्रवारी, ती रविवारी. मुख्य कार्यक्रमात न मावणाऱ्यांची 'स्लॅक' नावाची फेरी असते, बहुधा सकाळी, जवळपास रिकाम्या स्टँडसमोर. तिथली वेळही बक्षिसाला तितकीच धरली जाते. नायिकेच्या आयुष्यातली सर्वात वेगवान धाव झाडूवाला आणि दोन पंच यांच्याशिवाय कुणीच पाहिलेली नसणं सहज शक्य आहे.

बॅरल रेसिंगचे आकडे चुकवू नका. त्रिदळी पानासारखा मार्ग, तीन पिंपं. प्रमाण मापात पहिल्या दोन पिंपांमध्ये 90 फूट, तिसरं दोघांपासून 105 फुटांवर आणि सुरुवातीची रेषा पहिल्या दोघांपासून 60 फूट. या मापावर 17 सेकंदांच्या आसपासची वेळ उत्तम. लहान रिंगणात ती बरीच कमी येते. पिंप आडवं झालं तर पाच सेकंदांचा दंड, म्हणजे बक्षिसाचा विषय संपला. डुगडुगणारं पिंप हाताने सावरलेलं मात्र चालतं. सर्वात अवघड पहिलं पिंप, कारण घोडा पूर्ण वेगात त्यावर येतो. स्वाराने वळण घाईने मागितलं की घोड्याचा खांदा आत झुकतो आणि गुडघा थेट पिंपावर. शिवाय प्रत्येक धावेगणिक पिंपाभोवतीची माती खणली जाते. ठरावीक धावांनंतर ट्रॅक्टर फिरवून ती सारखी करतात. ट्रॅक्टरनंतर लगेच नंबर लागला तर नशीब, आधी लागला तर घोडा घसरण्याची धास्ती.

बैलाकडे येऊ. स्वाराच्या हातात असतो एक सपाट विणलेला दोर. तो बैलाच्या खांद्यामागून छातीभोवती घेतात, आणि कुठेही गाठ नसते. मोकळं टोक तळहातावरून वळवून घ्यायचं आणि मूठ आवळायची, बस. दोरावर आणि हातमोज्यावर राळ चोळून ती घर्षणाने गरम करतात म्हणजे पकड चिकट होते. खाली लटकणारी घंटा शोभेची किंवा बैलाला डिवचण्याची नाही. मूठ सुटली की तिच्या वजनाने दोर खाली पडावा म्हणून ती असते. कमरेच्या पट्ट्याबद्दल तर इतक्या वेळा चुकीचं लिहिलं गेलंय! तो वृषणांना बांधलेला नसतो. तो त्यांच्या पुढे, पोटाच्या मागच्या भागाभोवती येतो, त्यामुळे जनावर मागचे पाय जास्त झाडतं. प्रमाणाबाहेर आवळला तर जनावर उसळायचंच थांबतं. रोडिओवर टीका करायला जागा आहे, वासरांना फास टाकण्याच्या प्रकारावर तर खूपच. आजची नायिका ते प्रश्न विचारेल आणि विचारावेतच. पण निदान पट्टा कुठे असतो ते तिला माहीत असू द्या.

अपघात कसा होतो तेही नेमकं लिहा. उजव्या हाताने धरणारा स्वार डाव्या बाजूला पडला की त्याचा हात दोरात पिरगळतो आणि तो बैलाच्या कुशीला लोंबकळत राहतो. पडण्यापेक्षा हे जास्त भयंकर. अशा वेळी बुलफायटर, म्हणजे स्वाराला बैलापासून वाचवायला रिंगणात उभे असलेले लोक, धावतात. एक बैलाचं तोंड आपल्याकडे वळवतो, दुसरा दोराचं मोकळं टोक ओढून मूठ सोडवतो. यांना विदूषक समजू नका.

गुण 100 पैकी. अर्धे स्वाराचे, अर्धे जनावराचे. दोन पंच असतील तर प्रत्येक जण दोघांना 25 पर्यंत देतो. म्हणून मऊ बैल मिळणं हे संकट आहे. आठ सेकंद झाले, पण आकडा सत्तरीत. बैल नीट उसळलाच नाही तर पंच दुसऱ्या स्वारीचा पर्याय देऊ शकतात. हातातले 72 ठेवायचे, की थकलेल्या हाताने अनोळखी बैलावर पुन्हा बसायचं? या निर्णयाला नायकाजवळ फारच थोडा वेळ असतो. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

उसळणाऱ्या घोड्यावरच्या प्रकारांत नियम वेगळे. पहिल्या उडीत घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकतात तेव्हा स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्याच्या वर असायला हव्यात. नसतील तर आठ सेकंद फुकट. खोगिराच्या प्रकारात एकाच जाड लगामावर तोल असतो. तो आखूड धरला तर स्वार पुढे ओढला जातो, लांब सोडला तर हाताला आधार उरत नाही. घोड्यागणिक लांबी बदलते, आणि ती मुठीने, अंगठ्याने, बोटांनी मोजतात. या घोड्याला किती सोडायचा, हे आधी त्यावर बसलेल्याला विचारायचं. तो प्रतिस्पर्धी असला तरी खरं सांगतो. तुमच्या खलनायकाने खोटं सांगितलं तर सगळं रोडिओविश्व त्याच्याशी बोलणं टाकेल, असं दाखवा.

जाता जाता, या बैलांची वशिंडं पाहून आपल्याकडच्या वाचकाला काहीतरी ओळखीचं वाटेल, ते खरंच आहे. अमेरिकन ब्राह्मण ही जात भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून घडली, आणि उसळणाऱ्या अनेक बैलांत तिचं रक्त आहे. ब्राझीलमध्येही आपल्या ओंगोलपासून नेलोर जात वाढली, आणि बैलस्वारीतले कितीतरी विजेते तिथलेच. आद्रियानो मोराएस तीनदा जगज्जेता झाला. तुमचा नायक दर वेळी टेक्सासचा गोराच कशाला हवा?

शरीराचा हिशेब लेखक सर्वात जास्त चुकवतात. बरगडी मोडलेला नायक चौथ्या दिवशी नायिकेला उचलून पायऱ्या चढतो. बरगडीला साधारण सहा आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस शिंकसुद्धा नको होते. 30 जुलै 1989 रोजी अमेरिकेतल्या शायेनच्या रोडिओत स्वारी पूर्ण करून उतरलेल्या बैलस्वार लेन फ्रॉस्टला बैलाने मागून धडक दिली आणि तो तिथेच गेला. त्यानंतर त्याचा मित्र कोडी लँबर्टने संरक्षक जाकीट तयार केलं, ते आज सगळे घालतात. बैलस्वार जे. बी. मॉनीची मान 2023 साली आर्क्टिक असॅसिन नावाच्या बैलावरून पडून मोडली आणि कारकीर्द संपली. पुढे त्याने तोच बैल आपल्या घरी आणला. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'अती होतंय' म्हणून खोडलं असतं.

मोडलेलं हाड दिसतं, डोक्याला बसलेला मार दिसत नाही. नायक किल्ली कुठे ठेवली ते तिसऱ्यांदा विचारतो, आणि नायिका गप्प राहून ती त्याच्या हातात ठेवते. ती बोलली तर तो डॉक्टरकडे जाईल, डॉक्टर त्याला घरी बसवेल आणि 30 सप्टेंबर हातचा जाईल. न बोलली तर?

काही रीतीही पाळा. टोपी पलंगावर ठेवत नाहीत, अपशकुन. टेबलावर ठेवायची तर उलटी, कडा वर. नायकाने बक्षीस म्हणून जिंकलेलं बक्कल नायिकेच्या पट्ट्यावर दिसलं की साऱ्यांना कळतं, वेगळी घोषणा लागत नाही. आणि स्पर्धकांभोवतीच्या बायकांसाठी तिथे एक हिणकस शब्द आहे, तो नायकाच्या तोंडी गंमत म्हणून घालू नका. 1948 साली टेक्सासच्या सॅन अँजेलोत 38 जणींनी रोडिओ खेळणाऱ्या बायकांची आपली स्वतंत्र संघटना उभारली, ती प्रेक्षकांत बसण्यासाठी नव्हे.

तर सुरुवातीचा तो प्रसंग असा लिहा. भोंगा वाजतो. नायक मोकळ्या हाताने दोराचं टोक झटकतो, मूठ सुटते, तो पडतो, गुडघ्यांवर उठतो आणि मागे न बघता कठड्यावर चढतो. बुलफायटर बैलाला दाराकडे नेतात. दार लागतं. मग तो खाली उतरतो आणि मातीत पडलेला दोर आणायला लंगडत जातो. दोर गुंडाळताना तो स्टँडकडे बघतो. ती तिथे नाही. मागच्या बाजूला, ट्रेलरपाशी, घोड्याला पाणी पाजते आहे, आणि भोंगा ऐकून बादली हातात तशीच धरून आकडा पुकारला जाण्याची वाट बघते आहे.