नागपुरात डेटिंग ॲपवर मॅच नेमका अडतो कुठे?

उजवीकडे स्वाइप केलं आणि मॅच आला नाही, की समोरच्याने नाकारलं असं आपण धरून चालतो. बरेचदा तुमची प्रोफाइल तिथवर पोचलेलीच नसते. दोघांनी एकमेकांना लाईक केलं की मॅच, हे खरं. पण त्यासाठी आधी दोघं एकमेकांच्या स्क्रीनवर यायला हवेत. खरी गळती तिथेच होते.

पहिली अडचण अंतराची. टिंडरवर ही मर्यादा साधारण २ ते १६० किमी ठेवता येते आणि ती रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजतात. सीताबर्डीत बसून १० किमी ठेवलं तर कामठी बाद, बुटीबोरी तर लांबच राहिली. वर्धा, भंडारा हवं असेल तर ८० ठेवा. पण वर्ध्याच्या मुलीने स्वतःची मर्यादा २० ठेवली असेल, तर तुमच्या ८० चा उपयोग नाही.

दिवाळीत आणखी एक घोळ होतो. पुण्या-हैदराबादहून घरी आलेली मंडळी इथे ॲप उघडतात आणि परत जातात. पुन्हा ॲप उघडेपर्यंत त्यांचं शेवटचं ठिकाण नागपूरच दिसू शकतं. धरमपेठेतला समजून लाईक केलेला मुलगा तोवर हिंजवडीत कामाला लागलेला असतो. राहतं शहर बायोत लिहा, दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो. आणि रायपूर-भोपाळचे चेहरे दिसायला लागले, तर जवळचे संपल्यावर लांबचे दाखवण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा.

फिल्टर एकमेकांना गुणतात, हे लक्षात येत नाही. समजा मर्यादेत १००० जण आहेत. वयाच्या अटीने ४०० उरले, शाकाहारीने २००, उंचीने १००. त्यातल्या निम्म्यांच्या अटींत तुम्हीच बसत नाही, राहिले ५०. पुण्या-मुंबईत सुरुवातीचा आकडाच मोठा असतो, म्हणून तिथल्या लोकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. नागपुरात एकच अट पक्की ठेवा, बाकीच्या सैल सोडा.

दोघं किती जुळतात याच्या टक्क्यांचा हिशोब ओकेक्युपिड या डेटिंग ॲपने स्वतःच उघड केला होता आणि तो फार सुंदर आहे. प्रत्येक प्रश्नाला तुमचं उत्तर, समोरच्याकडून अपेक्षित उत्तर आणि महत्त्व अशा तीन गोष्टी. महत्त्वाचं वजन तेव्हा ०, १, १०, ५० किंवा २५० असायचं. समजा तुम्ही ‘नागपुरातच राहणार का?’ याला ५० दिले आणि ‘सिगारेट चालते का?’ याला १०. पहिलं उत्तर जुळलं, दुसरं नाही: ६० पैकी ५०, म्हणजे ८३ टक्के. समोरच्याने मात्र पहिल्याला १ आणि दुसऱ्याला १० दिले, तुमचंही पहिलंच उत्तर जुळलं: ११ पैकी १, म्हणजे ९ टक्के. साधी सरासरी ४६ येते. ओकेक्युपिड दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं, ते येतं २७ च्या आसपास. एक खूश आणि दुसरा नाराज असेल तर आकडा कोसळायलाच हवा. शिवाय सामाईक प्रश्न कमी असले की टक्केही कापले जायचे. १० प्रश्नांवर कमाल ९०. म्हणून तिथे पाच प्रश्न सोडवून थांबण्यात अर्थ नव्हता.

हिंजने २०१८ मध्ये रोजच्या ‘सर्वात सुसंगत’ शिफारशीसाठी गेल-शॅपली पद्धत आणली. मूळ शोधनिबंध १९६२ चा. दोघांच्या पसंतीक्रमावरून अशा जोड्या लावायच्या, की आपापली जोडी सोडून एकमेकांकडे जावंसं वाटेल असे कोणी दोघं उरू नयेत. पण तुमचा क्रम ॲप तुमच्या लाईक आणि नकारांवरूनच शिकतं. दिसेल त्याला लाईक दिलंत, तर त्याला शिकायला काही उरत नाही.

टिंडरने २०१९ मध्ये सांगितलं की कोणाला किती लाईक मिळतात यावरून प्रोफाइलला दिला जाणारा जुना ‘एलो’ गुणांक आता वापरात नाही. एकाच सुमारास ॲपवर असणाऱ्यांना एकमेकांसमोर आणण्यावर भर आहे. महिनाभराने एकदा तासभर स्वाइप करण्यापेक्षा रोज रात्री दहा मिनिटं बरी.

बंबलवर घड्याळ असतं. मुलगा-मुलगी मॅच झाले की पहिला शब्द मुलीचा, तोही २४ तासांत. मग उत्तराला मुलाकडे २४ तास. २०२४ पासून मुलगी आधीच एखादा प्रश्न लावून ठेवू शकते, मग सुरुवात त्या प्रश्नाच्या उत्तराने होते. नोटिफिकेशन बंद असेल तर झालेला मॅचही असाच निघून जातो. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये ॲपला पार्श्वभूमीत चालायची परवानगी आहे ना, ते एकदा तपासा.