खगोलशास्त्रावरच्या गप्पा रेकॉर्ड करताना: माझा अनुभव

खगोलशास्त्र साध्या मराठीत लोकांपर्यंत पोचवायचं, आणि त्यासाठी संशोधक आणि विद्यार्थी यांच्याशी गप्पा मारून त्या रेकॉर्ड करायच्या असं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की खरी अडचण त्यांचा वेळ मिळवायची असेल. तसं झालं नाही. ईमेल केला की बहुतेक जण हो म्हणतात, आपलं काम कुणी मनापासून विचारतंय याचा आनंदच असतो त्यांना. अवघड होतं ते पुढचं.

पहिल्या मॅडमना मी वीस प्रश्न आधीच पाठवून ठेवले. त्या उत्तरं लिहूनच घेऊन आल्या आणि झालं ते लेक्चर. एकही शब्द चुकीचा नव्हता, पण घरी ऐकताना मलाच दर दोन मिनिटांनी मागे जावं लागत होतं. त्या दिवशी माईक बंद करून निघता निघता, बाजूला त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी बसली होती, तिला सहज विचारलं, तू सकाळपासून काय करत होतीस गं? तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

स्क्रीनवर नुसते काळे ठिपके, त्यांचा एक आडवा पट्टा झालेला आणि मधे एका ठिकाणी तो पट्टा जरासा खाली बसलेला. म्हणाली, हा एका ताऱ्याचा प्रकाश, आणि हा खड्डा दिसतोय ना, इथे बहुतेक एक ग्रह ताऱ्यासमोरून गेलाय. मी त्यावर बोट ठेवून म्हटलं, एवढासा? तर म्हणाली अहो हा तर मोठाय, लांबून बघणाऱ्याला सूर्यासमोरून गुरू गेला तर प्रकाश साधारण १ टक्का कमी दिसेल, पृथ्वी गेली तर ०.०१ टक्क्याहूनही कमी, आणि तेही वर्षातून एकदाच जेमतेम १३ तास. म्हणून तर केपलर दुर्बीण २००९ पासून चार वर्षं आकाशाच्या एकाच तुकड्याकडे टक लावून होती, दीड लाखाहून जास्त तारे, कारण खड्डा एकदा दिसून भागत नाही, ठरावीक अंतराने परत परत दिसावा लागतो.

मॅडमच्या लेक्चरमध्ये हेच सगळं होतं, "अधिक्रमण" या शब्दाखाली. शब्द बरोबरच आहे, पण "समोरून गेला" म्हटल्यावर चित्र उभं राहतं. मी माईक परत लावला.

तेव्हापासून प्रश्न आधी पाठवणं बंद केलं, फक्त विषय सांगते. पहिला प्रश्न नेहमी "आज काय केलंत?" आणि संशोधकासोबत त्यांचा एखादा विद्यार्थी आणि शाळेतली दोन-तीन मुलं असलीच पाहिजेत. मुलं जे विचारतात ते मला सुचत नाही. एकीने विचारलं की जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोतले रंग खरे असतात का. सर दोन क्षण थांबले आणि सांगितलं की ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, तो डोळ्याला दिसतच नाही, म्हणून जास्त तरंगलांबीला तांबडा, कमीला निळा असे रंग आम्ही देतो, पण फरक खरे असतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मजकूर तपासून घेण्यात. मी लिहिलं होतं "विद्यार्थिनीला नवा ग्रह सापडला", मॅडमनी ते खोडून "उमेदवार ग्रह" केलं. मला ते फार कोरडं वाटलं, मी फोन केला. त्या म्हणाल्या, मागे कुठेतरी दोन तारे एकमेकांना झाकत असतील आणि त्यांचा प्रकाश याच ताऱ्याच्या प्रकाशात मिसळला असेल तर अगदी असाच खड्डा दिसतो, ते तपासून होईपर्यंत मी ग्रह म्हणणार नाही. मी "उमेदवार" ठेवला आणि फोनवरचं त्यांचं हे बोलणंही त्यांना विचारून मजकुरात घातलं. आता वाटतं की तो भाग नसता तर बाकीचं अर्धंच झालं असतं.

नंतर त्याच विद्यार्थिनीला एका मुलाने विचारलं, ताई, खड्डा दिसलाच नाही तर ग्रह नाही असं समजायचं का? तिने हातातलं पेन मुठीभोवती फिरवलं, आधी त्याच्या डोळ्यांसमोरून आणि मग जरा तिरकं, की पेन मुठीच्या वरून निघून गेलं. म्हणाली, कक्षा अशी तिरकी असली तर खड्डा पडतच नाही, आपली पृथ्वीसुद्धा वेगवेगळ्या दिशांनी बघणाऱ्या २०० जणांमधल्या जेमतेम एकाला सूर्यासमोरून जाताना दिसेल.

मग बाकीच्या १९९ जणांनी काय करायचं?

त्यांनी तारा डुलतोय का ते बघायचं, ती म्हणाली, ग्रह ताऱ्यालाही थोडा ओढतोच ना. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह तसाच सापडला. आणि केलोझ तेव्हा माझ्यासारखेच पीएचडी करत होते, हे सांगताना तिचा आवाज किती बदलला ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं.