मशाल विझण्यापूर्वी
गेली काही वर्षे मी मित्रांसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे (ज्यात खेळाडू काल्पनिक पात्रे होऊन संचालकाने सांगितलेल्या साहसात उतरतात) संचालन करतो आहे आणि खेळ रेंगाळतो तो लढाईत नव्हे, तर खेळाडू एखाद्या बंद दारासमोर अर्धा तास खल करत बसतात तेव्हा, असा माझा अनुभव आहे. यावरचा सर्वांत उत्तम उपाय मला या खेळाच्या १९८१ च्या प्राथमिक नियमांत सापडला. तेथे भुयारातील शोधाचा वेळ १० मिनिटांच्या टप्प्यांत मोजला जातो. एक मशाल ६ टप्पे जळते आणि दर २ टप्प्यांनी संचालक सहा बाजूंचा फासा टाकतो, ज्यावर १ पडल्यास एखादा भटका राक्षस समोर येतो. त्यामुळे भिंत चाचपण्यात गेलेल्या प्रत्येक टप्प्याची किंमत खेळाडूंना दिसते आणि ‘घाई करा’ असे सांगावे लागत नाही. हा फासा मी सर्वांसमोर टाकतो, कारण लपवून टाकलेल्या फाशाचा तितका धाक वाटत नाही. लढाईत, जिथे नियमांच्या पाचव्या आवृत्तीनुसार एक फेरी सुमारे ६ सेकंदांची असते, पुढचा डाव ज्याचा आहे त्याला आधीच सावध करणे पुरते. मात्र पात्रे शेकोटीभोवती बसून मनातले बोलू लागली, की मी घड्याळाकडे पाहतच नाही.