तुम्ही विचारलंत म्हणून: चार्जिंगचं काय करता?

कोकणात सायकलवर आठ-आठ दिवस असता, मग फोन आणि दिवे चार्ज कुठे करता? आणि लगेच पुढचा प्रश्न: डायनॅमो का बसवत नाही? दर राइडनंतर कोणी ना कोणी हे विचारतंच. मी "होतं कुठेतरी" म्हणून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो.

आधी डायनॅमोचं. पुढच्या चाकातला हब डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅट देतो, तेही सायकल ताशी पंधराच्या आसपास पळत असेल तर. सागरी मार्गावर ती पळते कुठे? खाडी ओलांडली की चढ, चढ संपला की उतार, की परत खाडी. सामान लादल्यावर चढाला माझा वेग ताशी सहा-सात. उतारावर जे मिळतं ते नकाशा सुरू असलेला फोन तिथल्या तिथे खाऊन टाकतो. सपाट मुलखात लांब पल्ले मारणाऱ्यांना डायनॅमो जरूर घ्या म्हणेन. सोलर पॅनेलही नेऊन पाहिलं. माडा-पोफळीच्या सावलीत, हलत्या कॅरियरवर त्याने काही दिलं नाही. विकून टाकलं.

म्हणून नव्या मुलांना मी छातीठोकपणे सांगायचो: कोकणात गावोगावी वीज आहे, मुक्कामाला प्लग मिळतो, चार्जिंगची काळजी करू नका. ते वाक्य आता मला टोचतं.

डिसेंबर २०१९. मी आणि माझा मित्र दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि गुहागरच्या पुढे एका घरी राहिलो. पडवीत एकच बोर्ड. त्याला पॉवर बँक लावली, पॉवर बँकेला फोन, आणि झोपलो. सकाळी पॉवर बँकेच्या चार ठिपक्यांपैकी एकच मिचमिचत होता. फोन १९ टक्के. घरच्या आजी चहा देताना म्हणाल्या, "रात्री उठले तर बोर्डावर लाल दिवा दिसला. चुकून राहिलं असेल, म्हणून बंद केलं हो." त्यांची काय चूक? वीज जपून वापरणाऱ्या घरात रात्री बटण बंद होणारच. मी सांगायला हवं होतं.

मित्राचा फोन भरलेला होता. मी म्हटलं, दोघांत एक पुरे.

हेदवीच्या अलीकडच्या चढावर मी पुढे निघालो. रस्ता पाठ होता, नकाशाची गरज नव्हती. तरी राइड रेकॉर्ड व्हावी म्हणून ॲप सुरू ठेवलं. रेंज येत-जात होती, फोन टॉवर शोधत राहिला आणि साडेदहाच्या सुमारास बंद पडला. तवसाळच्या जेटीवर भेटायचं ठरलं होतं, तिथे जाऊन थांबलो. एक फेरीबोट गेली. दुसरी गेली. जयगडकडून तिसरी येताना दिसली तेव्हा पोटात गोळा आला. टपरीवाल्या दादांनी स्वतःचा फोन पुढे केला, पण मला नंबर पाठ नव्हता. बारा वर्षांची मैत्री, आणि नंबर पाठ नव्हता. मग त्यांनी चार्जर दिला. तीन टक्क्यांवर फोन सुरू झाला आणि मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक पडायला लागले. अकरा. सगळे त्याचे.

उतारावर बारीक खडीवरून त्याचं पुढचं चाक घसरलं होतं. कॉलरबोन मोडलं. करवंदीच्या जाळीशेजारी तो पाऊण तास बसून मला फोन लावत होता. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्याला गुहागरला नेलं. सायकल टपरीमागे टाकून मी रिक्षाने पोचलो तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. "लावत होतो रे तुला," एवढंच म्हणाला.

फोन चालू असता तरी मी काय करणार होतो? सायकलवर घालून त्याला नेणार होतो का? टेम्पो आला तसाच आला असता. हे खरंच आहे. पण तो पाऊण तास एकटा बसला नसता, हेही खरं.

आता दोन पॉवर बँक असतात. वर छापलेले १०,००० एमएएच (वीज किती मावते त्याचं माप) आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे असतात. बाहेर ती ५ व्होल्टने जाते आणि वाटेत थोडी वाया जाते, म्हणून फोनच्या वाट्याला सहा-साडेसहा हजारच येतात, हिशोब त्यावर करा. दुसरीला रबर बांधलेलं असतं, तिला फक्त कॉलसाठी हात लावायचा. रात्रीच्या प्लगवर विसंबत नाही. दुपारी खानावळीत जेवताना, विचारून, डोळ्यांसमोर चार्ज करतो. रात्री लावलंच तर घरच्यांना सांगून बटणावर कागदाची पट्टी चिकटवतो. आणि मित्राचा नंबर पाठ केलाय.

फ्लाइट मोडचं मात्र मला अजून सुटलेलं नाही. टाकला तर बॅटरी टिकते, पण मागच्याने फोन लावला तर लागणार नाही. सोबत कोणी असलं की टाकत नाही. एकटा असलो की टाकतो, आणि घरी ते कुणालाच पटत नाही.

गेल्या वर्षी मित्राने सायकलला डायनॅमो बसवला. मला म्हणतो, तूही घे. मी त्याला चढांचा हिशोब सांगतो. तो ऐकून घेतो, आणि निघायच्या आधी माझा फोन हातात घेऊन किती टक्के आहेत ते बघतो.